गुलबक्षीतलं फिरतं बिऱ्हाड

मालन गेल्याचा फोन आला तेव्हा चार वाजत आले असावेत. घड्याळ मी पाहिलं नव्हतं, पण अंगणातल्या गुलबक्षीच्या कळ्या सैल व्हायला लागल्या होत्या, आणि ही वेळ ती सहसा चुकवत नाही. फोनवर तिची भाची होती, प्रज्ञा, वसमतहून. "काकू, आत्या गेली... दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच न्हाई," एवढंच तिनं सांगितलं. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला या वयातही उमजलेलं नाही. मी विचारलं, "तिच्या दारातली फुलं उमलली का गं?" पोरीला वाटलं असेल, म्हातारीला नीट ऐकू आलेलं दिसत नाही. पण ती बिचारी दारापर्यंत गेली, पाहून आली आणि म्हणाली, "व्हय काकू, उमलून राहिलीत." मग आम्ही दोघी रडलो.

त्याला आता महिना होऊन गेला. मी वसमतला जाऊन आले. पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी, तिचं अंगण विद्यार्थिनींनी भरलं होतं, त्यातल्या काही जणी आता स्वतःच आज्या झालेल्या. भाषणं झाली. कुणी तिला आदर्श शिक्षिका म्हटलं, कुणी त्यागमूर्ती म्हटलं. मला हसू आवरेना. मालन आणि त्यागमूर्ती! डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी जास्त घेतली म्हणून माझ्याशी दोन दिवस अबोला धरलेली बाई ती. पण मनात आलं, खरी मालन सांगायची तर एका झाडाची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती काही पाच मिनिटांच्या भाषणात मावायची नाही. म्हणून हे लिहायला बसले.

बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिल्यांदा धड पाऊस झाला, त्या वर्षी ती आमच्या गावात आली. आमचं गाव औंढ्याजवळ. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोली जिल्हा व्हायला अजून बराच अवकाश होता. गावातल्या हायस्कुलात मी मराठी शिकवत होते आणि शास्त्र शिकवायला कुणी टिकत नव्हतं. एक दिवस एसटीतून पत्र्याची पेटी, वळकटी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून एक सावळी, उंच मुलगी उतरली. ती मालन. औरंगाबादला राहून बी.एस्सी. झालेली, वसमतच्या बौद्ध वस्तीतल्या घरातली पहिली पदवीधर. फडक्यात तान्हं बाळ आहे की काय म्हणून बसथांब्यावरच्या बाया वाकून पाहू लागल्या. निघाला गुलबक्षीचा गड्डा.

गावात तिला खोली मिळेना. का मिळेना ते तोंडावर कुणी सांगत नव्हतं. एकाकडे पाहुणे यायचे होते, दुसऱ्याची भिंत पडायला झाली होती, तिसऱ्यानं तर अचानक खोलीत कडबा भरून ठेवला. गावातल्या बौद्ध वस्तीत ती आज या घरी, उद्या त्या घरी असं राहिली, पण तिथं आधीच माणसाला माणूस खेटून. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ताई," ती मला म्हणायची आणि हसायची. हसताना तिचा वरचा ओठ एका बाजूला जरा जास्त उचलायचा. मला ते हसू सोसलं नाही. आमच्या घराला रस्त्याच्या अंगाला एक खोली होती, वेगळ्या दाराची. मी सासूबाईंशी भांडायला उभी राहिले.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. ठेंगणी, काटक, आवाज मात्र मळ्यापासून गावापर्यंत पोहोचेल असा. लिहिणं-वाचणं नाही, पण शेतात त्यांच्या पुढं माझे मालकही बोलत नसत. आम्ही त्या काळात हायब्रीड ज्वारीच्या बियाण्याचा प्लॉट घेत होतो. त्या प्लॉटाची एक रीत असते. ज्वारी फुलायच्या आत ओळीओळीनं हिंडायचं आणि जे ताट, म्हणजे ज्वारीचं उभं रोप, वेगळं दिसेल, जास्त उंच, जास्त लवकर, पानाचा रंग निराळा, ते मुळासकट उपटून बांधावर टाकायचं. त्याला म्हणायचं भेसळ काढणं. एक जरी भेसळ फुलली तरी तिचा पराग वाऱ्यावर जातो आणि सगळं बियाणं बिघडतं. बियाण्याचा साहेब तपासायला आला, की आमच्या प्लॉटात त्याला काही सापडत नसे. याचा आत्याबाईंना भारी अभिमान. चालता चालताच त्यांचा हात जायचा आणि ताट बाहेर यायचं. अशा बाईला मी म्हणत होते, मालनला खोली द्या.

दोन दिवस त्यांनी भाकरी थापताना माझ्याकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "राहू दे. पण तिचा माठ न्यारा, आन् उंबरा वलांडायचा न्हाई." मला लाज वाटली, पण मालनला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, उंबऱ्याच्या भायेर बी जागा लई असते." आणि राहायला आल्या दिवशी पेटी उघडायच्या आधी तिनं खोलीपुढच्या मातीत तो गड्डा पुरला.

तो तिच्या आईच्या दारातला. दुष्काळात वरचं झाड पार वाळून गेलेलं, खाली गड्डा तेवढा जीव धरून होता. "आमची पिवळी," असं ती त्याला म्हणायची, गाईला म्हणावं तसं. लहानपणापासून तिनं त्याला निव्वळ पिवळीच फुलं येताना पाहिली होती. श्रावणात पहिली कळी उघडली आणि मालन पळत आमच्या उंबऱ्यापाशी येऊन थबकली. "ताई, लवकर या! हे आमचं झाड न्हाई वाटतं!" मी जाऊन पाहिलं. पिवळ्या फुलावर लाल रेघा, ठिपके, शिंतोडे, हळदीवर कुंकू सांडावं तसे. शेजारचं फूल अर्धं पिवळं, अर्धं लाल. तिसऱ्यावर नुसता एक लाल टिपका. एका झाडावर दोन फुलं सारखी नव्हती. मी म्हटलं, "गड्डा बदलला असेल." तर म्हणाली, "मी माझ्या हातानं खणून आणला. झाड तेच हाय. काहीतरी आत हाललंय."

त्या संध्याकाळी ओट्यावर आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या आणि मालन खालच्या पायरीवर. तिला गप्प बसवेना. ती सांगू लागली, की औरंगाबादला त्यांच्या एका प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या एका बाईविषयी जाता जाता सांगितलं होतं. ती बाई मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघत बसते आणि म्हणते, की वाडवडिलांकडून आलेल्या गुणांमधले काही तुकडे जागा बदलतात. सर हसले होते, वर्गही हसला होता. "मी हसले न्हाई, कारण मला कळलंच नव्हतं," मालन म्हणाली. मग तिनं आत्याबाईंना समजेल असं सांगायला घेतलं. "माय, झाडाच्या आत खोल्या असतात वळीनं, असं धरा. एका खोलीत पिवळा रंग बनतो, दुसरीत लाल. त्या लाल खोलीत एखादं बिऱ्हाड येऊन बसलं की तिथलं काम बंद. फूल नुसतं पिवळं. पण ही बिऱ्हाडं फिरती असतात. एखाद्या पाकळीत बिऱ्हाड उठून गेलं, की तेवढ्या जागी लाल रंग पुन्हा चालू. तोच हा शिंतोडा."

आत्याबाईंनी शेंग तोंडात टाकली. "मग इतकी वर्सं काहून न्हाई उठलं ते बिऱ्हाड?"

"कडी लावलेली असंल भायेरून," मालन म्हणाली. "बिऱ्हाड हाय, पण कोंडलेलं. दुष्काळात झाडाच्या जिवावर बेतलं. तवा कड्या कोण बघत बसतं? निघाली असंल एखादी. आता हे मी माझ्या मनचं सांगून राहिले, बरं का. एका झाडावरून शास्त्र होत न्हाई."

पुढे बऱ्याच वर्षांनी या कड्यांचं शास्त्र झालं. गुण तेच राहतात, त्यांच्या लिखाणातलं एक अक्षरही बदलत नाही, पण कुठला गुण उघडा आणि कुठला मिटलेला हे बदलतं. कधी कधी ती लागलेली कडी बियांतून पुढच्या पिढीतही जाते. उपासमार, उन्हाचा तडाखा यांनी कड्या सैल होतात. हे सगळं ती मला वसमतहून फोन करून करून सांगायची, भाजी करपेपर्यंत. बहुतेक वेळा अशा उलथापालथीत झाडाचं नुकसानच होतं, हेही न चुकता सांगायची. पण लाखात एखादं रोप असं निघतं, की पुढच्या वाईट काळात तेच तरून जातं. "सगळी एकसारखी असती ना ताई, तर एका तडाख्यात सगळी गेली असती," हे तिचं पालुपद.

मला शास्त्र कळत नाही, मला माणसं कळतात. दुष्काळात आत्याबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेल्या होत्या. आमच्यासारख्या जमीनवाल्या घरांतल्या बायकाही तेव्हा गेल्या. तिथं सगळ्या जातींच्या बाया एका ओळीत बसायच्या आणि एकाच पिंपातलं पाणी प्यायच्या. पाऊस पडला, ज्वारी डोलायला लागली, आणि माठ पुन्हा वेगळे झाले. कड्या निघाल्या होत्या, परत लागल्या. मी ही तुलना मालनला ऐकवली तेव्हा ती रागावली. "झाडाचं माणसाला लावू नका ताई, दोन्हीचा घोटाळा व्हतो." तरी मी लावतेच. ती नाही आता अडवायला.

गुलबक्षीची वेणी माहीत आहे ना? तिला दोरा लागत नाही. फुलाचीच लांब नळी एकीत एक गुंफत जायची. गावात पिवळी आणि गुलाबी गुलबक्षी पुष्कळ होती, पण अशी शिंतोड्यांची कुणाकडे नव्हती. शाळा सुटली की पोरींचा घोळका मालनच्या दारात. ती एकेकीला समोर बसवून वेणी गुंफायची, केसांत माळायची, आणि मधल्या मधे पाकळी, पुंकेसर, पराग सगळं शिकवून टाकायची. आमच्या चुलत सासऱ्यांची, आबांची नात सिंधू आठवीत होती. ती तर रोजची.

दुसऱ्या वर्षी उन्हाळा संपता संपता मालनच्या बोटांच्या टोकांना पांढरं दिसू लागलं. मला वाटलं खडू आहे. "हात धुऊन जेवायला बस गं," मी म्हटलं. तिनं बोटं माझ्यासमोर धरली. "धुतलेत ताई." ...कोड होतं. महिन्या-दोन महिन्यांत मनगटापर्यंत आलं, मग ओठाच्या त्या जास्त उचलणाऱ्या कोपऱ्याशी एक ठिपका. ती परभणीच्या डॉक्टरला दाखवून आली. त्यानं सांगितलं, हे लागत नाही, दुखत नाही, औषधाचा भरवसा नाही. पण गावाला डॉक्टरशी काय करायचं होतं? आधी कुजबुज, मग पोरींच्या आया शाळेत. बाईच्या हातची वही नको, बाईनं फळ्याकडे बोलवू नये. खोली नाकारताना जे तोंडावर बोलता आलं नव्हतं, तेही आता या निमित्तानं बोलता येऊ लागलं.

आबा शाळेच्या कमिटीवर होते. हेडमास्तरांमार्फत निरोप आला: पोळा झाला की कमिटी बसेल, तोवर बाईंनी आपण होऊन शिकवणं सोडावं, हापिसात कागदाचं काम बघावं, नाहीतर दुसरीकडे जागा शोधावी. मालनला कागदाचं काम म्हणजे मरणच. ती शिकवण्यासाठी जन्मली होती, यात मी रतीभर अतिशयोक्ती करत नाही. त्या रात्री ती जेवली नाही. पण सकाळी म्हणाली, "फुलं येऊ द्या."

तिचा बेत असा होता. आदल्या वर्षी शिंतोड्यांच्या फुलांचं बी, काळं, मिऱ्यासारखं, तिनं जपून ठेवलं होतं आणि पावसाच्या तोंडाशी खोलीपुढं ओळीनं लावलं होतं. त्यातली काही रोपं निव्वळ पिवळी निघणार, काही शिंतोड्यांची, एखादं काय निघेल ते तिलाही माहीत नव्हतं. कमिटी बसायच्या आत ती फुलली, की सगळा वर्ग आणि पोरींच्या आयाही दारात बोलवायच्या आणि दाखवायचं, की वेगळं दिसणं म्हणजे रोग नव्हे. "माझ्या कोडाचं कारण न्यारं, फुलाचं न्यारं. दोघांची सोयरीक लावणार न्हाई मी. पण लोकांचे डोळे तर एकच हायेत ना, ताई? त्यांना बघायची सवय लागू दे." हे सगळं आम्ही आत्याबाईंपासून लपवून ठेवलं होतं. खोली जाईल ही भीती.

पोळा तोंडावर आला होता. प्लॉटात भेसळ काढायचं काम जोरात चाललेलं. आत्याबाई दिवसभर ओळींतून हिंडून घरी यायच्या, हात हिरवे, डोळ्यांत अजून ताटंच. त्या दिवशी त्या शेतातून आल्या, खोलीपुढं थांबल्या, आणि त्यांना दिसली पिवळ्या फुलांची सरळ ओळ, मधे मधे शिंतोड्यांची रोपं... माझे तास त्या दिवशी लवकर संपले होते, मी आत भाकरी थापत होते. मला काही ऐकू आलं नाही. रोप उपटताना आवाज तो केवढा होतो?

मालन शाळेतून आली तेव्हा ओळ स्वच्छ पिवळी होती आणि आत्याबाई ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या, चांगलं काम केल्याच्या समाधानात. "तुझी भेसळ काढली गं मालन," त्या म्हणाल्या. "निम्मी तर फुलून बी गेली व्हती, जरा उशीरच झाला. तो मोठा गड्डा बी काढला, सगळी भेसळ त्याच्याच पोटची. आता बियाणं शुद्ध राहतंय बघ." त्यांना वाटत होतं, मदत केली. इतक्या दिवसांत त्यांनी मालनच्या कुठल्या वस्तूला आपणहून हात लावला असेल तर तो हा.

मालन पायरीवर बसली. रडली नाही. उकिरड्यावर पडलेल्या रोपांकडे बघत हळूच म्हणाली, "माय, तिकडं शाळेत बी भेसळच काढून राहिलेत."

"काय म्हणून राहिली ही?" आत्याबाईंनी मला विचारलं. मग मला सांगावंच लागलं. पोरींच्या आया, आबांचा निरोप, पोळ्यानंतरची कमिटी, आणि ही रोपं कशासाठी होती ते. आत्याबाई ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा काळवंडत गेला. मध्येच त्यांनी आपल्या हिरव्या तळव्यांकडे पाहिलं. उठल्या, उकिरड्याकडे गेल्या, आणि पदर खोचून एकेक रोप उचलू लागल्या. उन्हात पडून ती मलूल झाली होती. गड्डा मात्र टणक होता. त्यांनी तो आपल्या हातानं पुन्हा पुरला, होता त्याच जागी नाही, ओट्यासमोर, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. माती दाबून त्या उभ्या राहिल्या, घामाघूम.

"पाणी दे गं," त्या म्हणाल्या. मी आत वळले. "तू न्हाई. मालन, तुझ्या माठातलं दे."

मालननं तांब्या भरून आणला. त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या बोटांतून आत्याबाईंनी तो घेतला आणि घटाघटा प्याल्या. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "गार हाय तुझा माठ. आमच्यापरीस गार." तांब्या रिकामा होईपर्यंत मी दारात तशीच उभी होते, तव्यावर भाकरी जळत होती.

बेत तर फसला होता. रोपं बहुतेक मेली. कमिटी बसायची वेळ आली तेव्हा गड्ड्याला चार पानं फुटली होती फक्त, दाखवायला काही नव्हतं. कमिटीच्या आदल्या संध्याकाळी आबा आमच्याकडे आले, ओट्यावर टेकले. "वैनी, तुमच्या बिऱ्हाडाचं बोलायला आलोय. लोकं मला लई तकलीफ देऊन राहिलीत. बाईच्या हाताचं लागतंय म्हणतात. तुमीच तिला समजावा."

आत्याबाईंनी अंगणात खेळणाऱ्या सिंधूला हाक मारली. तिच्या केसांत पिवळ्या गुलबक्षीची वेणी होती. "ही कुणी माळली गं?"

"मालनबाईनं," सिंधू म्हणाली आणि आजोबांकडे पाहून चाचरली. "आईला सांगू नका."

"कवापासून माळून राहिली?"

"गेल्या सालापासून. रोजच."

"ये हिकडं. दाव मान आजोबाला. हात दाव." आत्याबाईंनी पोरीला कंदिलाच्या उजेडात पुढं, मागं फिरवलं. "बघ आबा नीट. कुठं लागलंय? मला तर दिसत न्हाई. आन् म्या तिच्या माठातलं पाणी पिऊन राहिले, मला बी बघ." आत्याबाईंचा आवाज मात्र खाली आला होता, तसा मी तो कधी ऐकला नव्हता. "म्या जलमभर भेसळ काढली आबा, मला कुणी शिकवू नये. पण ती शेताची रीत हाय, दाराची न्हाई. शेतात फुलायच्या आत काढावं लागतं. माणूस फुलल्याबिगर वळकायचं कसं? ही पोरगी आत्ता कुठं शिकवायला लागली. फुलू दे आधी."

"बराबर हाय वैनी, पण..."

"पण बी न्हाई आन् परंतु बी न्हाई. च्या पिऊन जा." चहा मालनच्या खोलीतून आला. आबांनी कपाकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं, नातीच्या वेणीकडे पाहिलं. मग बशीत ओतून प्याले.

कमिटीत त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. मालनचे तास राहिले एवढं खरं. गाव काही एका रात्रीत बदललं नाही. काही घरांनी पोरींना तिच्या तासाला बसू दिलं नाही, वर्षभर त्या बाहेर कडुनिंबाखाली बसायच्या. मालन खिडकीशी उभी राहून जरा मोठ्यानं शिकवायची. हळूहळू त्या खिडकीपाशी सरकल्या, मग दारात, मग आत. आणि पुढच्या पावसात त्या पुरलेल्या गड्ड्यानं जो बहर दिला! शिंतोडे होतेच, पण एक फांदी लालभडक निघाली, अंगावर पिवळं औषधालाही नाही. "त्या फांदीतलं बिऱ्हाड कायमचं उठलं," मालन नाचायची तेवढी राहिली. तिच्या विद्यार्थिनी लग्न होऊन गेल्या तेव्हा ओटीतल्या तांदळात तिनं प्रत्येकीला चार बिया दिल्या. आता औंढ्यापासून आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावपर्यंत कितीतरी दारांत ती गुलबक्षी आहे. एका गड्ड्याची, आणि कुठंही एकसारखी नाही.

पुढे आईच्या आजारपणात ती बदली घेऊन वसमतला गेली. काही वर्षांनी एका सकाळी एसटीतून उतरली ती वर्तमानपत्र हलवतच. अमेरिकेतल्या त्या मक्यावाल्या बाईला जगातलं सगळ्यांत मोठं पारितोषिक मिळालं होतं. मालननं सरळ उंबरा ओलांडून चुलीपाशी फतकल मारली आणि आत्याबाईंना बातमी वाचून दाखवली. वर्षानुवर्षं त्या बाईचं कुणी मानलं नाही, तरी ती बघत राहिली, हे ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "तिचं बी उपटलं व्हतं का कुणी?" मालन हसता हसता रडायला लागली. "व्हय माय. पण गड्डा ऱ्हायला."

तिचं माझं शेवटचं भेटणं या उन्हाळ्यातलं. तोवर कोड सगळ्या अंगावर पसरून तिचा मूळचा सावळा रंग कुठंच उरला नव्हता, कानामागे एक ठिपका तेवढा. तो दाखवून ती म्हणाली, "बघा ताई, आता मी एका रंगाची झाले. शुद्ध बियाणं! साहेबाला बोलवा तपासायला." आणि तो ओठाचा कोपरा तसाच उचलला गेला. आत्याबाई जाऊन किती काळ लोटला, तरी तिच्या बोलण्यात त्या रोज असायच्या. निघताना तिनं नेहमीसारखं विचारलं, "ओट्यापुढची कशी हाय?" मी म्हटलं, "तुझी वाट बघते, ये फुलं लागली की." येते म्हणाली...

परवा पाऊस उघडला म्हणून अंगण निंदायला कविता नावाची बाई बोलावली होती. कामाला चपळ, हात सारखा चालतो. मी ओट्यावर बसून होते, पण लक्ष कुठंच नव्हतं. गुलबक्षीच्या आळ्यापाशी ती थांबली. मधे एक रोप उगवलं आहे, पानं फिकट, खोड जांभळट, सगळ्यांहून निराळं. कळ्या धरल्यात, अजून उघडायच्या आहेत. तिनं बुडाशी हात घातला आणि मान वर करून विचारलं, "आजी, हे न्यारंच दिसून राहिलं. भेसळ असंल. काढू का?"

मी उत्तर दिलं, पण आवाज मला माझा वाटला नाही. मळ्यापासून गावापर्यंत पोहोचेल इतका तो मोठा होता. बाई दचकली आणि तिनं हात मागे घेतला.

"फुलू दे आधी."